घोडा नवा, नळी जुनी आणि कातड्याची साक्ष

१/ दि. २० फेब्रुवारी १८१८. आजच्या सोलापूर जिल्ह्यातील आष्टी येथे जनरल लायोनेल स्मिथच्या घोडदळाने पेशव्यांच्या फौजेला गाठले. बाजीराव निसटले, सेनापती बापू गोखले लढता लढता पडले आणि साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. ही लढाई मुख्यतः तलवारीची. तरीही त्या काळच्या इंग्रज स्वाराच्या खोगिराला, मांडीच्या पुढे, कातडी घरात पिस्तूल अडकवलेले असे. हा धागा त्या पिस्तुलांविषयी आहे आणि त्याहून अधिक त्या कातडी घरांविषयी.

२/ प्रथम शब्दांविषयी थोडे. ‘पिस्तूल’ आणि ‘काडतूस’ हे दोन्ही शब्द मराठीत पोर्तुगिजांकडून आले. काडतुसे ठेवण्याच्या कातडी पेटीला ‘तोसदान’ म्हणत. तलवारीला म्यान होतेच. पिस्तुलाच्या घराला मात्र मराठीत वेगळा शब्द रुळला नाही. पुढे ‘होल्स्टर’ आला. येथे त्यालाही म्यानच म्हटले आहे.

३/ त्या काळचे स्वाराचे पिस्तूल ठासणीचे. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी भरायची, गजाने ठासायची, कानाशी रंजक घालायची आणि चाप ओढायचा. घोड्याच्या जबड्यात धरलेली गारगोटी पोलादावर आपटे, ठिणगी पडे, रंजक पेटे. नळीचा व्यास सुमारे १६ मिलीमीटर, बार एकच, आणि काही पावलांपलीकडे नेमाचा भरवसा नाही. बार झाल्यावर धावत्या घोड्यावर पुन्हा भरणे जवळजवळ अशक्य, म्हणून पिस्तूल परत म्यानात जाई आणि तलवार बाहेर येई. (येथे ‘घोडा’ म्हणजे गारगोटी धरणारा, आपटणारा भाग. बोलीत चापालाही घोडा म्हणतात, त्यामुळे गोंधळ होतो.)

४/ आता वैराग. सोलापूर–बार्शी मार्गावरची ही जुनी बाजारपेठ. बार्शीच्या पलीकडे परांडा किल्ला. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली प्रसिद्ध ‘मलिक-ए-मैदान’ तोफ याच परांड्यावर होती आणि १६३२ मध्ये विजापूरला नेली गेली. १९४८ पर्यंत वैरागपासून पूर्वेला काही कोसांवर निजामाची हद्द लागे. म्हणजे एका बाजूला इंग्रजांचा शस्त्र कायदा, दुसऱ्या बाजूला संस्थानचा वेगळा कारभार. अशा सीमेवरच्या मुलखात वाड्याच्या माळ्यावर, धान्याच्या कणगीमागे एखादे गंजलेले पिस्तूल निघाले, तर त्यात नवल काही नाही. नवल असते ते त्याच्या अंगावर शिल्लक काय आणि नाहीसे काय, याचे.

५/ बहुधा नाहीसा असतो तो घोडा. पाहणारा लगेच म्हणतो, ‘मोडले’. पण १८७८ चा शस्त्र कायदा आठवावा. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतील या कायद्याने हिंदी माणसाला परवान्यावाचून शस्त्र बाळगणे बंद झाले. युरोपियनांना मात्र सूट राहिली. पिस्तूल निकामी करून घरात ठेवायचे, तर सर्वांत सोपी रीत म्हणजे घोडा किंवा आतील कमान काढून टाकणे. म्हणून रिकामी जागा हाही पुरावा असू शकतो. तेथे घाईने नवा घोडा बसवला की शस्त्र ‘पूर्ण’ दिसते आणि त्याच्यावर काय गुजरले याची एकमेव खूण बुजते.

६/ सुटे भाग बदलणे हा स्वतः गुन्हा नव्हे, नवी गोष्टही नव्हे. शस्त्र वापरात होते तेव्हाच गारगोट्या बदलल्या जात, कमानी तुटत, गज हरवत, दस्ता तडकला की सुतार तो तारेने आवळी. १८०७ मध्ये स्कॉटलंडचे पाद्री अलेक्झांडर फोर्सिथ यांनी आघाताने पेटणाऱ्या मसाल्याचे पेटंट घेतले. त्यातून ‘टोपी’ची पद्धत निघाली आणि १८३०–४० च्या दशकांत गारगोटीची असंख्य शस्त्रे टोपीवर चालण्याजोगी बदलण्यात आली. रंजकाची वाटी कापली, कानाच्या जागी टोपी बसण्याची बोंडी आली, घोड्याचा जबडा जाऊन हातोडी आली. असा बदल झालेले पिस्तूल दोन काळांत जगलेले असते.

७/ आणि नेमके हेच बाजाराला रुचत नाही. गारगोटीच्या पिस्तुलाला टोपीच्या पिस्तुलापेक्षा किंमत अधिक येते. म्हणून काही विक्रेते बदललेले पिस्तूल ‘मूळ रूपात’ आणतात: बोंडी काढून भोक बुजवतात, नव्याने केलेली वाटी आणि गारगोटीचा घोडा बसवतात. परिणाम असा की १८४० चा अस्सल बदल नाहीसा होतो आणि त्या जागी कालपरवाचा खोटा १८१० येतो. संग्राहकांच्या जगात याहून मोठी नासधूस क्वचितच होत असेल, आणि ती होते ‘जीर्णोद्धार’ या भारदस्त नावाखाली.

८/ ओळखायचे कसे? जुन्या कळीच्या पत्र्यावर पूर्वीच्या स्क्रूंची बुजवलेली भोके पाहावीत. त्यांच्या कडा भिंगाखाली दिसतात. कानाजवळचे लोखंड पाहावे. वर्षानुवर्षे रंजक जळाले असेल तर तेथे बारीक खड्डे पडलेले असतात. जुन्या, खड्डे पडलेल्या नळीशेजारी गुळगुळीत वाटी दिसली तर शंका घ्यावी. आटे पाहावेत. जोसेफ व्हिटवर्थने स्क्रूच्या आट्यांचे प्रमाण सुचवले ते १८४१ मध्ये. त्यापूर्वी प्रत्येक कारागिराचे आटे आपापले. अठराव्या शतकातील म्हणवणाऱ्या इंग्रजी पिस्तुलात आजच्या मेट्रिक मापाचा स्क्रू चपखल बसत असेल, तर तो स्क्रू तरी अठराव्या शतकातला नाही.

९/ शिक्क्यांवर विसंबणे सर्वांत धोक्याचे. ईस्ट इंडिया कंपनीच्या शस्त्रांवर आधी हृदयाच्या आकाराचा, आत अक्षरे आणि वर ४ सारखी खूण असलेला शिक्का असे; १८०८ च्या सुमारास त्या जागी मुकुट धरलेला, मागच्या पायांवर उभा सिंह आला. हे सर्वांना ठाऊक आहे, नकला करणारांनाही. खैबर खिंडीच्या परिसरात घडलेल्या नकलांमध्ये ‘व्ही आर’ ही राणी व्हिक्टोरियाची मोहोर तिच्या मृत्यूनंतरच्या, म्हणजे १९०१ नंतरच्या सालाशेजारी आढळते, आणि इंग्रजी अक्षरे उलटी कोरलेलीही. कारागिराने शिक्का वाचला नव्हता, चित्र म्हणून उतरवला होता.

१०/ प्रतिकृतींचा प्रामाणिक धंदाही आहे. इटलीच्या गार्दोने व्हाल त्रोम्पिया येथे आल्दो उबेर्ती यांनी १९५९ मध्ये कोल्टच्या रिव्हॉल्वरांच्या प्रतिकृती घडवण्याचे काम सुरू केले. अमेरिकेत यादवी युद्धाची शताब्दी जवळ आली होती आणि मागणी भरपूर होती. इटालियन चाचणीगृहाच्या शिक्क्यांमुळे त्या ओळखता येतात: काळ्या दारूसाठी तपासलेल्या नळीवर ‘पी एन’ ही अक्षरे असतात. भारतातील काही कारखानेही जुन्या इंग्रजी बंदुका-पिस्तुलांच्या प्रतिकृती परदेशी हौशी मंडळींसाठी बनवतात. अशा वस्तू जन्मतः खोट्या नसतात. कोणीतरी शिक्का कानशीने घासतो, लोखंड मिठाच्या पाण्यात गंजवतो आणि ‘आजोबांच्या काळचे’ म्हणून विकतो, तेव्हा त्या खोट्या होतात.

११/ लोखंड घासता येते, गंजवता येते, त्यावर शिक्का मारता येतो. मग न बदलणारा साक्षीदार कोणता? उत्तर बहुधा कचऱ्यात गेलेले असते. माळ्यावर पिस्तूल सापडले की ते पुसून दिवाणखान्यात येते, आणि कडक, तडकलेले, लालसर भुकटी झडणारे म्यान ‘खराब झाले’ म्हणून फेकले जाते.

१२/ त्या म्यानाच्या आत काय असते हे कळण्यासाठी दख्खनच्या कातडी कामाकडे वळावे लागेल. ढोर समाजाने कातडे कमवायचे आणि चांभाराने ते शिवायचे, ही येथील जुनी विभागणी. चुन्याने केस काढलेल्या कातड्याची पिशवी शिवून टांगायची आणि तिच्यात बाभळीची साल व हिरडा यांचा अर्क भरायचा, तो झिरपत झिरपत कातडे पक्के करी. कोल्हापुरी चपलेच्या मागे हीच विद्या आहे. २०१९ मध्ये त्या चपलेला मिळालेल्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्राचे चार जिल्हे आहेत आणि त्यांत सोलापूर एक. या विद्येचे श्रेय ज्यांच्या हातांना जाते, त्यांना समाजाने गावाच्या कडेला ठेवले. इतिहासाने मात्र त्यांच्याच कामात आपली कागदपत्रे जपली.

१३/ कागदपत्रे हा शब्द येथे केवळ अलंकार म्हणून आलेला नाही. हिरड्याचा काढा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, एकत्र केले की काळी शाई होते. जुन्या काळी शाईसाठी आणि कापड काळे रंगवण्यासाठी ही रीत वापरली जाई. हिरड्या-बाभळीने कमावलेल्या म्यानात लोखंडी पिस्तूल वर्षानुवर्षे राहिले, थोडा ओलावा मिळाला, की तीच क्रिया कातड्यात होते. जेथे लोखंड टेकले तेथे काळा डाग उमटतो. म्यान आतून त्या पिस्तुलाची आकृती शाईने काढून ठेवते.

१४/ म्हणून म्यान उलगडण्याआधी, साफ करण्याआधी, त्याच्या आत छोटा दिवा धरून पाहावे. नळी कोठवर जात होती, कळीचा पत्रा तोंडाशी कोठे घासत होता, घोड्याचा उंचवटा कातड्यात कोठे उठला आहे, हे दिसते. डागाची लांबी नळीच्या लांबीशी जुळत नसेल तर नळी नंतर कापलेली असू शकते, किंवा म्यान दुसऱ्याच पिस्तुलाचे. घोड्याचा ठसा गोल मानेचा आणि बसवलेला घोडा सपाट, कोनी असेल, तर बदल उघड होतो. शाईचा डाग बनावटही करता येतो, हे खरे. पण ओतलेला डाग सारखा पसरतो. वापराचा डाग दाब पडेल तेथे गडद आणि इतरत्र पुसट असतो.

१५/ कातड्याच्या कमाईवरून काळही ठरतो. आज सर्वत्र वापरले जाणारे क्रोमचे कातडे व्यापारी प्रमाणावर आले ते १८८४ च्या ऑगस्टस शुल्ट्झ यांच्या अमेरिकी पेटंटनंतर. भारतात ते रुजवण्याचे प्रयोग मद्रासमध्ये आल्फ्रेड चॅटर्टन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी केले. तेव्हा ‘सत्तावनच्या बंडातील’ म्यानाच्या कापलेल्या कडेत मधला थर निळसर-करडा दिसला, तर कथा तेथेच संपते. झाडाच्या सालीने कमावलेले कातडे कडेलाही तपकिरी असते.

१६/ याच सालीत कातड्याचा शत्रूही दडलेला आहे. दख्खनच्या माळावर पिवळ्या फुलांचे तरवड सर्वत्र उगवते. त्याची साल कातडे कमावण्यास उत्तम आणि स्वस्त. इंग्रजी व्यापारात ती ‘टुरवार’ नावाने ओळखली जाई. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातून कमावलेली कातडी मोठ्या प्रमाणावर लंडनला जात. पुढे तेथील ग्रंथालयांत पुस्तकांच्या बांधणीची लाल भुकटी होऊ लागली. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने नेमलेल्या समितीने १९०५ च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या अहवालांत बांधणीसाठी अशा कातड्यावर कडक शेरा मारला.

१७/ कारण रसायनाचे आहे. झाडांतील कषाय द्रव्ये ढोबळमानाने दोन कुळांची. तरवड आणि बाभूळ एका कुळातली, हिरडा दुसऱ्या. पहिल्या कुळाने कमावलेले कातडे कोळशाच्या आणि गॅसच्या धुरातील गंधकाची आम्ले चटकन शोषते आणि आतून कुजते. हिरड्याचे अधिक टिकते. या रोगाला इंग्रजीत ‘रेड रॉट’ म्हणतात, मराठीत ‘लाल कूज’ म्हणता येईल. बोट फिरवले की विटकरी पूड लागते. ती लागली की समजावे, कातड्याचे तंतू तुटले आहेत आणि ते पुन्हा जोडता येणार नाहीत. फक्त थांबवता येईल.

१८/ नेमक्या याच वेळी घरातील एखादी हितचिंतक व्यक्ती खोबरेल आणते. किंवा एरंडेल, किंवा बूटपॉलिश. कोरडे दिसते म्हणून तेल पाजावे ही समजूत फार जुनी आहे आणि मोठ्या संग्रहालयांनीही ती दीर्घकाळ पाळली. ब्रिटिश म्युझियमच्या नावाने ओळखला जाणारा लॅनोलिन, मेण आणि देवदार-तेलाचा लेप पिढ्यान्‌पिढ्या वापरात होता. आज संवर्धक त्यापासून दूर राहतात. तेल तुटलेले तंतू जोडत नाही. ते काळे पडते, चिकट होते, धूळ धरते, पावसाळ्यात बुरशीला आमंत्रण देते, आणि आतला तो शाईसारखा डाग पसरवून वाचता न येण्याजोगा करते. चालत्या पायातील चपलेला तेल हवे. शंभर वर्षे न वाकलेल्या म्यानाला नको.

१९/ लाल कूज लागलेल्या कातड्यावर संवर्धक सेल्युलोजपासून केलेले एक पातळ द्रव्य शुद्ध अल्कोहोलमधून देतात. पूड जागीच धरली जाते आणि कातडे काळवंडत नाही. पाणी लावायचे नाही. कुजलेले कातडे पाण्याने काळे पडून आकसते. हे काम घरी करण्याचे नव्हे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंचे संवर्धन केंद्र आहे, लखनौला १९७६ पासून राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा आहे. घरी करण्याजोगे तेवढेच करावे: मऊ कुंचल्याने धूळ झाडावी, आत धुतलेल्या मांजरपाटाची सैल गुंडाळी भरून आकार राखावा, उन्हापासून दूर ठेवावे. सोलापूरकडे चैत्र-वैशाखात पारा चाळिशीपार जातो आणि हवा कोरडी ठणठणीत. दोन-तीन महिन्यांत दमट पावसाळा. कातड्याला मारतो तो हा हेलकावा. म्हणून पत्र्याच्या छपराखालचा माळा ही सर्वांत वाईट जागा आणि आतील भिंतीलगतचे लाकडी कपाट बरे.

२०/ पिस्तूल म्यानात घालून ठेवणे शोभिवंत दिसते, पण दोघांचाही घात करते. कातड्यातील आम्ल लोखंडाला गंजवते. पितळी कड्या आणि बटणे कातड्यातील चरबीशी मिळून हिरवे मेणचट किटण धरतात, ते शिवणीत शिरते आणि दोरा सोडवते. हे किटण लाकडी काडीने हळूच काढावे. पिस्तुलाला चिंच, राख आणि पॉलिशकागद यांपासून वाचवावे. जुन्या लोखंडावरचा घट्ट तपकिरी थर हे त्याचे संरक्षण आहे, तो खरवडला की शिक्क्याच्या कडाही जातात.

२१/ वस्तूच्या घरात इतिहास असतो, पण तो नेहमी निर्णायक असतोच असे नाही. २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून साताऱ्यास आलेल्या वाघनखांचे उदाहरण सर्वांना आठवेल. त्यांचा शिवछत्रपतींशी संबंध सांगणारा लेख आहे तो पेटीवर, आणि पेटी ग्रँट डफ यांच्याकडची, म्हणजे घटनेनंतर दीड शतकाहून पुढची. संबंध निश्चितपणे सिद्ध करता येत नाही, असे त्या संग्रहालयानेच नमूद केले आहे. पेटी काय सांगते आणि केव्हा सांगते, हे दोन्ही विचारावे लागते. म्यानालाही हेच लागू.

२२/ मग हरवलेला भाग करवून घ्यायचाच नाही का? प्रदर्शनासाठी जरूर करवावा. १९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तूंसाठी नियम घातला, तो शस्त्रांनाही उपयोगी आहे: नवा भाग एकूण रूपाशी जुळावा, पण मुळापासून वेगळा ओळखता यावा. मूळ म्यान आडवे जपून ठेवावे आणि त्याच्या मापावर आजच्या कारागिराकडून बाभूळ-हिरड्याच्या कातड्याचे नवे शिवून घ्यावे. त्याच्या आतील बाजूस ‘प्रतिकृती’ हा शब्द, साल आणि करणाराचे नाव ठसवावे. करणाराचे नाव विशेष महत्त्वाचे, कारण मूळ म्यानावर ते जवळजवळ कधीच नसते.

२३/ धातूच्या भागांबाबत मात्र कायदा आडवा येतो, आणि तरुण संग्राहकांनी हे नीट वाचावे. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम ४५ जुन्या, पुरातन मूल्याच्या किंवा नादुरुस्त शस्त्राला सूट देते, पण ते दुरुस्त करूनही वा न करताही बंदूक म्हणून वापरता येणार नसेल तरच. दुरुस्तीची विनापरवाना परवानगी कोणालाच नाही. कलम ५ तिच्यासाठी परवाना मागते. सुट्या किरकोळ भागांना सूट आहे, पण ते पूरक भागांशी जोडून वापरण्याचा हेतू नसेल तेव्हाच. म्हणजे माळ्यावरचे घोडा नसलेले पिस्तूल आणि बाहेरून मागवलेला चालता घोडा, हे दोन वेगवेगळे निरुपद्रवी तुकडे एकत्र आले की प्रकरण बदलू शकते. वस्तू सापडताच काहीही खोलण्याआधी पोलीस ठाणे किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात विचारणा करावी. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकते आणि तशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही.

२४/ पुण्यात दिनकर केळकर यांनी १९२० च्या सुमारास घरोघरच्या अडगळीतून दिवे, अडकित्ते, दारूच्या शिंगड्या आणि शस्त्रे जमवायला आरंभ केला आणि १९६२ मध्ये तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. तसे काम वैराग-बार्शीकडे कोणी आज हाती घेतले, तर वही उघडताच दोन गोष्टींची नोंद करावी: कोणता भाग मूळ, कोणता नवा आणि केव्हाचा, आणि वस्तू कोठे, कशाखाली, कशात गुंडाळलेली मिळाली. नंतर पिस्तूल एका खणात, म्यान दुसऱ्या खणात, आणि दोन्हींच्या चिठ्ठीवर एकच नोंद क्रमांक.